ड्युअल बूटमध्ये डिफॉल्ट ऑपरेटिंग सिस्टम पुन्हा पुन्हा का बदलते आणि ती कायम कशी करावी

एकाच संगणकावर लिनक्स आणि विंडोज अशा दोन ऑपरेटिंग सिस्टम असतील, तर काहीच न निवडता त्यांपैकी कोणती सुरू व्हावी हे ठरवणे अवघड नाही. अवघड आहे ते ठरवलेले टिकवणे. विंडोज डिफॉल्ट केलेल्या संगणकावर एखाद्या साध्या अपडेटनंतर लिनक्स आपोआप सुरू होऊ लागते, किंवा याच्या उलट ग्रबचा, म्हणजे लिनक्ससोबत येणाऱ्या आणि सुरुवातीला निवड विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसणेच बंद होते आणि थेट विंडोज उघडते. सेटिंग पुन्हा बदलले की काही दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग तेच घडते. अशा वेळी बहुतेक जण आधी केलेला उपाय जसाच्या तसा पुन्हा करतात. मूळ कारण तसेच राहिल्यामुळे तो उपाय टिकत नाही.

हा निर्णय एका जागी होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. संगणक चालू होताच प्रथम मदरबोर्डवरील युईएफआय फर्मवेअर (मदरबोर्डच्या चिपमध्येच असलेला सुरुवातीचा प्रोग्राम) आपल्या स्मृतीतील यादी पाहते आणि त्या यादीत जो बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम, सर्वांत वर असेल त्याला चालवते. तो बूटलोडर ग्रब असेल, तर पुढचा निर्णय ग्रब आपल्या मेनूवरून घेतो. म्हणजे फर्मवेअरने विंडोज बूट मॅनेजरला पहिला क्रमांक दिला असेल, तर ग्रबच्या फाइलमध्ये कितीही बदल केले तरी ते वाचलेच जात नाहीत. आणि ग्रबच्या मेनूतील नोंद सरकली असेल, तर फर्मवेअरमधील क्रम बदलून काहीही साधत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहावे.

त्याची खूण सोपी आहे. संगणक चालू केल्यावर ग्रबचा मेनू दिसतो, पण त्यात चुकीची ओळ आधीच निवडलेली असते, तर दोष ग्रबमध्ये आहे. मेनू अजिबात न दिसता विंडोज सुरू होत असेल, तर दोष बहुधा फर्मवेअरच्या क्रमात आहे. मेनू न दिसता लिनक्स सुरू होत असेल, तर ग्रब चालतो आहे, फक्त त्याचा मेनू लपवलेला आहे. युईएफआय संगणकावर सुरुवातीला एस्केप कळ दाबल्यास तो समोर येतो. ही कळ एकदाच दाबावी, कारण ती पुन्हा पुन्हा दाबल्यास मेनूऐवजी ग्रबची कमांड-ओळ उघडते आणि काहीतरी बिघडल्याचा उगाच समज होतो.

पुढे येणाऱ्या कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करावीत.

ग्रबच्या मेनूतील नोंद सरकणे

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींचे सर्वांत मोठे कारण हे आहे. ईटीसी फोल्डरातील डिफॉल्ट या उपफोल्डरात ग्रब नावाची फाइल असते आणि तिच्यात ग्रब_डिफॉल्ट या ओळीपुढे बहुतेक वितरणांत (उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) शून्य लिहिलेले असते. ग्रब मोजणी शून्यापासून करतो, त्यामुळे शून्य म्हणजे मेनूतील पहिली ओळ. विंडोज वरून तिसऱ्या ओळीत दिसत असेल, तर तेथे २ लिहावे, सुडो अपडेट-ग्रब ही कमांड द्यावी (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) आणि संगणक पुन्हा सुरू करावा, एवढाच सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. तो त्या दिवसापुरता बरोबर असतो. पण अंक हे त्या ओळीचे नाव नव्हे, ते तिचे त्या क्षणीचे स्थान आहे. रांगेतील तिसऱ्या माणसाला निरोप द्या असे सांगून ठेवले आणि मध्येच कोणी रांगेत शिरले, तर निरोप भलत्याच माणसाला मिळतो. येथेही तसेच होते.

ग्रबचा मेनू हाताने लिहिलेला नसतो. ईटीसी फोल्डरातील ग्रब.डी या फोल्डरात काही लहान स्क्रिप्ट असतात आणि त्यांच्या नावांच्या सुरुवातीला असलेल्या अंकांच्या क्रमाने त्या चालून मेनू तयार होतो. लिनक्सच्या कर्नलांची (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्त्यांची) नोंद करणारी स्क्रिप्ट १० या अंकाने सुरू होते, तर डिस्कवरील इतर ऑपरेटिंग सिस्टम शोधणारी ओएस-प्रोबर ही स्क्रिप्ट ३० या अंकाने. म्हणून विंडोजची ओळ नेहमी लिनक्सच्या खाली येते आणि मधल्या भागात काहीही वाढले किंवा घटले की तिचा क्रमांक बदलतो. स्मृती तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम बसवला, तर त्याची स्क्रिप्ट २० या अंकाची असल्याने तो नेमका विंडोजच्या वर जाऊन बसतो. उबुंटूत जुने कर्नल एका उपमेनूत ठेवलेले असतात, त्यामुळे नवा कर्नल आला तरी वरच्या पातळीवरील क्रमांक सहसा हलत नाहीत. परंतु ज्या वितरणांत उपमेनू नसतो किंवा वापरकर्त्याने तो बंद केलेला असतो, तेथे प्रत्येक कर्नल स्वतंत्र ओळ घेतो आणि प्रत्येक कर्नल-अपडेटसोबत विंडोज खाली किंवा वर सरकू शकते.

याचा एक चमत्कारिक प्रकार २०२१ नंतर अनेकांच्या वाट्याला आला. त्या वर्षी आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीत सुरक्षेच्या कारणासाठी ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवण्यात आला. लिनक्सची आवृत्ती बदलली की ग्रबही बदलतो, मेनू नव्याने तयार होतो आणि त्यातून विंडोजची ओळ नाहीशी होते. तिच्या जागी खालची ओळ वर येते आणि ती ओळ अनेकदा युईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज ही असते. डिफॉल्ट म्हणून २ हा अंक ठेवलेला संगणक मग दर वेळी फर्मवेअरच्या निळ्या किंवा काळ्या पडद्यावर जाऊन थांबतो आणि मदरबोर्ड बिघडला अशी भीती वाटते. मदरबोर्डला काही झालेले नसते. ग्रबच्या त्याच फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर या ओळीपुढे फॉल्स असे लिहावे, ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह असल्यास ते काढावे, ओएस-प्रोबर हे पॅकेज बसवलेले असल्याची खात्री करावी आणि मेनू पुन्हा तयार करावा.

टिकाऊ उपाय असा की अंकाऐवजी नोंदीची ओळख वापरावी. बूट फोल्डरातील ग्रब उपफोल्डरात ग्रब.सीएफजी ही तयार झालेली फाइल असते. तिच्यात मेनूएन्ट्री हा शब्द ग्रेप कमांडने शोधला, की प्रत्येक ओळीचे शीर्षक आणि त्याच ओळीत पुढे तिची ओळख दिसते. त्यासाठी सुडो लागेल, कारण काही वितरणांत ही फाइल फक्त रूटलाच, म्हणजे प्रशासकालाच, वाचता येते. युईएफआय पद्धतीने बसवलेल्या विंडोजची ओळख ओएसप्रोबर-ईएफआय अशी सुरू होते आणि तिच्या शेवटी ईएफआय पार्टिशनचा (डिस्कवरील बूटलोडर ठेवलेल्या छोट्या भागाचा) आठ अक्षरांचा क्रमांक असतो. ही ओळख जशीच्या तशी उचलून ग्रब_डिफॉल्टपुढे अवतरणचिन्हांत लिहावी. पुष्कळ जण येथे शीर्षक लिहितात आणि तेही चालते, पण शीर्षकात डिस्कचे नाव असते. दुसरी डिस्क जोडल्यावर लिनक्सने डिस्कांना दिलेली नावे बदलली, तर पुढच्या अपडेटला शीर्षकही बदलते. लिहिलेली नोंद ग्रबला सापडली नाही, तर तो तक्रार न करता पहिली ओळ धरतो, त्यामुळे चूक कोठे झाली हे लगेच कळत नाही. ओळख मात्र ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. मला विचाराल तर अंक लिहिण्याचा पर्याय केवळ चाचणीपुरता वापरावा.

उपमेनूतील एखादा विशिष्ट कर्नल डिफॉल्ट करायचा असेल, तर उपमेनूची ओळख, मग मोठे-पेक्षा हे चिन्ह आणि मग त्या कर्नलची ओळख असे सलग लिहावे. संपूर्ण मजकूर अवतरणचिन्हांत असलाच पाहिजे, कारण ही फाइल शेल वाचतो आणि अवतरणचिन्हांवाचून ते चिन्ह त्याच्या दृष्टीने मजकूर फाइलमध्ये वळवण्याची खूण ठरते. बरोबर-चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नये. संकेतस्थळावरून मजकूर उचलताना वळणदार अवतरणचिन्हे आली असतील, तर ती साध्या सरळ चिन्हांनी बदलावीत.

शेवटची निवड लक्षात ठेवणे

ज्यांचे काम कधी विंडोजवर तर कधी लिनक्सवर सलग चालते, त्यांच्यासाठी ठरावीक डिफॉल्टपेक्षा शेवटची निवड लक्षात ठेवणारी व्यवस्था सोयीची असते. ग्रब_डिफॉल्टपुढे सेव्हड आणि ग्रब_सेव्हडिफॉल्टपुढे ट्रू असे लिहिले, की मेनूतून जे निवडले तेच पुढच्या वेळी आपोआप सुरू होते. विंडोजची मोठी अपडेट स्वतःहून दोन-तीन वेळा संगणक पुन्हा सुरू करतात, त्या वेळी हिचा विशेष उपयोग होतो: डिफॉल्ट लिनक्स असेल, तर अपडेट अर्धवट सोडून संगणक लिनक्समध्ये शिरतो, निवड लक्षात ठेवलेली असेल, तर तो परत विंडोजकडे जातो आणि अपडेट पूर्ण होते.

मात्र ही व्यवस्था काही संगणकांवर चालतच नाही, आणि न चालण्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. निवड लिहून ठेवण्यासाठी ग्रब आपल्या फोल्डरात ग्रबएन्व्ह नावाची बरोबर १०२४ बाइटांची फाइल ठेवतो. संगणक सुरू होताना ग्रबला फाइल-सिस्टममध्ये नवी जागा मिळवता येत नाही. तो फक्त आधीच अस्तित्वात असलेल्या त्या ब्लॉकवर जागच्या जागी लिहू शकतो. बूट फोल्डर एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेड (डिस्कांची जागा एकत्र हाताळणाऱ्या व्यवस्था) किंवा बीटीआरएफएस या फाइल-सिस्टमवर असेल, तर तेवढेही सुरक्षितपणे करता येत नाही, म्हणून तेथे तो लिहीतच नाही. बीटीआरएफएसवर स्पार्स फाइलला परवानगी नाही अशा अर्थाचा इंग्रजी संदेश क्षणभर चमकून जातो, तो याचमुळे. अशा संगणकावर लिनक्स चालू असताना ग्रब-सेट-डिफॉल्ट या कमांडने निवड बदलता येते, कारण त्या वेळी लिहिण्याचे काम लिनक्स करते. मेनूतून केलेली निवड मात्र साठवली जात नाही.

यातूनच एक फसवा दोष निर्माण होतो. पुढच्या एकाच वेळेसाठी विंडोज सुरू करावे म्हणून ग्रब-रीबूट ही कमांड वापरली जाते. ती ग्रबएन्व्हमध्ये पुढील नोंद लिहून ठेवते आणि संगणक सुरू होताना ग्रबने ती पुसून टाकावी अशी अपेक्षा असते. पण ग्रबला तेथे लिहिताच येत नसेल, तर पुसणार कोण? एका वेळेसाठी केलेली निवड मग कायमची होऊन बसते आणि डिफॉल्ट फाइलमध्ये सर्व काही बरोबर दिसत असूनही संगणक विंडोजकडेच जात राहतो. सुडो ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट या कमांडने त्या फाइलमधील मजकूर दिसतो. त्यात नेक्स्ट_एन्ट्री ही ओळ भरलेली आढळली, तर ग्रब-एडिटएन्व्हच्याच अनसेट या पर्यायाने ती काढून टाकावी. फेडोरा आणि तिच्या घराण्यातील वितरणांत या सर्व कमांडच्या नावात ग्रबनंतर २ हा अंक येतो.

फेडोरात सेव्हड हीच मूळ मांडणी आहे आणि तेथे आणखी एक गोष्ट घडते. सिसकॉन्फिग फोल्डरातील कर्नल या फाइलमध्ये अपडेटडिफॉल्ट या ओळीपुढे येस असेल, तर नवा कर्नल बसताना तोच डिफॉल्ट केला जातो आणि साठवलेली विंडोजची निवड पुसली जाते. दर कर्नल-अपडेटनंतर फेडोरा आपोआप सुरू होऊ लागली, तर प्रथम येथे पाहावे आणि तेथे नो लिहावे. त्यानंतर नवा कर्नल स्वतःहून डिफॉल्ट होणार नाही; लिनक्स वापरताना मेनूतून तो निवडावा लागेल.

फाइल बदलूनही काहीच फरक पडत नाही तेव्हा

डिफॉल्ट फाइल जतन करून थेट संगणक पुन्हा सुरू करणे ही नेहमीची चूक आहे. ग्रब ती फाइल वाचत नाही, तिच्यापासून तयार झालेली ग्रब.सीएफजी वाचतो. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी अपडेट-ग्रब आहे. आर्चमध्ये ग्रब-एमकेकॉन्फिग या कमांडला ओ हा पर्याय आणि फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. फेडोराच्या ३४ व्या आवृत्तीपासून खरी फाइल बूट फोल्डरातील ग्रब२ या उपफोल्डरात असते आणि ईएफआय पार्टिशनवरील त्याच नावाची छोटी फाइल केवळ तिच्याकडे बोट दाखवते. जुन्या सूचनांप्रमाणे त्या छोट्या फाइलवर नवा मेनू लिहिला, तर ही रचना मोडते.

मेनू नव्याने करूनही फरक पडत नसेल, तर डिफॉल्ट फोल्डरातील ग्रब.डी हा उपफोल्डर तपासावा. त्यातील सीएफजी फाइली मुख्य फाइलनंतर वाचल्या जातात, त्यामुळे एकच सेटिंग दोन्हीकडे असल्यास तेथील सेटिंग वरचढ ठरते. मेनूचा क्रम माउसने बदलून देणारा ग्रब कस्टमायझर हा प्रोग्राम पूर्वी वापरलेला असेल, तर त्याने मूळ स्क्रिप्टची नावे आणि रचना बदलून ठेवलेली असते. दिसायला सोयीचा असला तरी पुढच्या मोठ्या अपडेटला तो जो गुंता करतो, तो पाहता एका ओळीच्या बदलासाठी त्याचा आधार घेऊ नये असे माझे मत आहे.

एकाच संगणकावर दोन लिनक्स असतील, तर प्रत्येकाचा ग्रब आणि प्रत्येकाची डिफॉल्ट फाइल वेगळी असते, आणि संगणक सुरू करताना त्यांपैकी एकच कामाला येते. ज्याचा ग्रब चालतो त्याच लिनक्समध्ये जाऊन बदल करावा लागतो. उबुंटू आणि मिंट एकाच डिस्कवर असतील, तर गोंधळ आणखी वाढतो, कारण ईएफआय पार्टिशनवर दोघेही उबुंटू या नावाचाच फोल्डर वापरतात आणि ज्याचे ग्रब पॅकेज शेवटी अपडेट होते तो त्या फोल्डराचा ताबा घेतो. अशा जोडीत कोणत्या लिनक्सचा ग्रब ठेवायचा हे ठरवून दुसऱ्याच्या ग्रब अपडेटनंतर पहिल्यातून ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवणे, एवढाच साधा मार्ग उरतो.

फर्मवेअरचा क्रम

मेनू न दिसता विंडोज उघडत असेल, तर एकदा फर्मवेअरच्या बूट मेनूतून लिनक्स निवडून आत यावे. सिस फोल्डरातील फर्मवेअर उपफोल्डरात ईएफआय हा फोल्डर आहे का ते पाहावे. तो नसेल, तर लिनक्स जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाले आहे. विंडोज युईएफआय पद्धतीने आणि लिनक्स बायोस पद्धतीने बसवलेले असेल, तर ग्रबला विंडोज सुरू करताच येत नाही आणि डिफॉल्ट बदलण्याआधी लिनक्सचा बूटलोडर युईएफआय पद्धतीने पुन्हा बसवावा लागतो.

फोल्डर असेल, तर सुडो ईएफआयबूटएमजीआर ही कमांड द्यावी. बूटकरंट या ओळीत आता कोणत्या नोंदीवरून संगणक सुरू झाला ते दिसते आणि बूटऑर्डर या ओळीत चार अंकी क्रमांकांची यादी असते. लिनक्सची नोंद ०००३ आणि विंडोजची ०००० असेल, तर ओ या पर्यायापुढे ०००३, स्वल्पविराम, ०००० असे सलग लिहून क्रम बदलता येतो; यादीतील उरलेले क्रमांकही त्याच क्रमाने पुढे लिहावेत, नाहीतर ते क्रमातून गळतात.

क्रमाला हात लावण्यापूर्वी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे का ते अवश्य पाहावे. सुरू होण्याचा मार्ग बदलला की टीपीएम या सुरक्षा-चिपमधील मोजमापे बदलू शकतात आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती हाताशी नसेल, तर डेटा कुलूपबंद राहतो. की दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि मगच बदल करावा.

बदलल्यानंतर चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यावी: एकदा लिनक्समधून आणि एकदा विंडोजमधून संगणक पुन्हा सुरू करून क्रम टिकतो का ते पाहावे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरच क्रम उलटत असेल, तर वरील कमांड पुन्हा देणे पुरेसे आहे. वीजपुरवठा काढून ठेवल्यावर क्रम जात असेल आणि सोबत घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपत आली आहे. फर्मवेअर अपडेटनंतर लिनक्सची नोंदच यादीतून गेली असेल, तर ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवल्याने ती परत येते.

काही लॅपटॉपांचे फर्मवेअर मात्र यादी न जुमानता दर वेळी विंडोज बूट मॅनेजरलाच पुढे करते. प्रथम फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये शोधावे, कारण कित्येकदा डिस्कचा क्रम एका पानावर आणि त्या डिस्कवरील बूटलोडरांचा क्रम दुसऱ्याच पानावर असतो. तेथेही उपाय सापडला नाही, तर विंडोजमध्ये प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट या कमांडने बूटएमजीआर या नोंदीचा मार्ग ईएफआय फोल्डरातील उबुंटू या उपफोल्डरातील शिमएक्स६४.ईएफआय या फाइलकडे वळवता येतो. फर्मवेअर मग विंडोज सुरू करते आहे असे समजून प्रत्यक्षात ग्रब सुरू करते. पॉवरशेलमध्ये हीच कमांड महिरपी कंसांमुळे अडते, म्हणून कमांड प्रॉम्प्टच वापरावे. हा शेवटचा उपाय समजावा आणि करण्यापूर्वी जुना मार्ग, म्हणजे मायक्रोसॉफ्ट फोल्डरातील बूट उपफोल्डरात असलेली बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय ही फाइल, नोंदवून ठेवावा. लिनक्स काढून टाकायचे झाल्यास आधी तोच मार्ग परत द्यावा लागतो.

पॉप ओएससारख्या वितरणांत युईएफआय संगणकावर ग्रब नसून सिस्टमडी-बूट हा दुसरा बूटलोडर असतो आणि तेथे वरील ग्रबची कोणतीही फाइल उपयोगी पडत नाही. त्याच्या मेनूत हवी ती ओळ निवडून डी ही कळ दाबली, की ती डिफॉल्ट होते. विंडोजची नोंद तो ईएफआय पार्टिशनवरून स्वतः शोधतो, पण विंडोजचे ईएफआय पार्टिशन वेगळ्या डिस्कवर असल्यास ती मेनूत येत नाही आणि त्या स्थितीत डिफॉल्टची निवड फर्मवेअरच्या यादीतूनच करावी लागते.